देवमाशाचं रक्त निळं असतं का?

नमस्कार, श्रोतेहो!

आपल्या सोलापुरातून समुद्र कुठला दिसायला? तरी परवा सिद्धेश्वर तलावाच्या काठावर एका शाळकरी पोरीनं मला गाठलं. "काका, देवमाशाचं रक्त निळं असतं ना?"

म्हटलं, बाळ, निळं रक्त हवं तर सीना नदीतला खेकडा बघ. त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहतं ते तांबं. हिमोसायानिन नावाच्या प्रथिनात तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात. धरला की निळं, सोडला की रंग गेला. देवमासा मात्र नावाचाच मासा. पिलाला दूध पाजणारा प्राणी तो, रक्त आपल्यासारखंच लाल, लोखंडाचं.

पण पोरगी अगदीच चुकली नव्हती. तांबं देवमाशातही आहे, लालीखाली झाकलेलं. १९४८ साली स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी माणसाच्या रक्तद्रवातून एक निळं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तद्रवातलं आकाशी. ते यकृतात तयार होतं आणि एका रेणूत तांब्याचे सहा अणू बाळगतं. ऑक्सिजन वाहणं हे त्याचं काम नव्हे. फेरस आणि फेरिक ही लोखंडाचीच दोन रूपं; फेरसनं आणखी एक इलेक्ट्रॉन गमावला की ते फेरिक. रक्तात लोखंडाची ने-आण करणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन फक्त फेरिक लोखंड उचलतं. फेरस लोखंडाचं फेरिक करून द्यायचं काम या तांब्याकडे.

आता स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाचा विचार करा. एका श्वासावर तासभर खोल पाण्यात! त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन साठवणारं लोखंडी प्रथिन, इतकं, की मांस काळपट दिसतं. (जॉन केंड्रू या शास्त्रज्ञानं १९५८ साली प्रथिनाची पहिली त्रिमिती रचना उलगडली, ती याच प्राण्याच्या मायोग्लोबिनची.) एवढ्या लोखंडाचा धनी वर येऊन श्वास घेतो, तेव्हा ऑक्सिजन एकदम अंगभर पसरतो. अशा वेळी मोकळं फेरस लोखंड घातक. त्यातून पेशी जाळणारे रेणू निपजतात. सेरुलोप्लाझ्मिन लोखंड बदलताना ऑक्सिजनचं थेट पाणी करतं, अर्धवट जळकं काही मागे ठेवत नाही. तांबड्या पेशींत तांबं-जस्ताचं आणखी एक विकर (एन्झाइम) राखणीला असतं, असे जाळणारे रेणू निकामी करणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज.

"मग माझ्या रक्तातपण निळं आहे?" पोरीनं विचारलं. आहे की! रक्तपेढीत प्लाझ्माची, म्हणजे रक्तद्रवाची, पिशवी पिवळसर असते. पण गर्भनिरोधक गोळ्यांनी सेरुलोप्लाझ्मिन वाढलं, तर तीच पिशवी कधी कधी हिरवट दिसते. पिवळ्यात निळं पडलं की काय होतं, हे सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांना मी काय सांगणार!