साळिंदराच्या काट्यांपासून भिंतीपर्यंत

पडद्यावर दिसते आहे ती भूर्जाच्या सालीची पेटी कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मिगमॉ या मूळ रहिवासी समाजातील स्त्रियांच्या हातची आहे, आणि तिच्या झाकणावरची सगळी नक्षी साळिंदराच्या काट्यांनी भरलेली आहे. काटे धुऊन, रंगवून, पाण्यात मऊ करून घेतले जातात. मग सालीला आरीने बारीक भोके पाडून काट्याची दोन्ही टोके दोन भोकांत खोचली जातात. साल वाळली की भोक आवळते आणि काटा दोऱ्याविना, डिंकाविना जागच्या जागी बसतो. पूर्वी रंग मुळांपासून काढत; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारातले ॲनिलीन हे कृत्रिम रंग आले आणि जांभळ्या-गुलाबी छटा खुलल्या. उजेडात राहिलेली बाजू आज फिकट झाली आहे. ब्रिटिश अधिकारी आणि प्रवासी अशा पेट्या हौसेने विकत घेत. त्या घडवणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

चित्रकार जॉर्डन बेनेट हे मिगमॉ असून त्यांचा जन्म न्यूफाउंडलंड बेटावरील स्टीफनव्हिल क्रॉसिंगचा. गंमत अशी की, या बेटावर साळिंदर आढळतच नाही. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले, तेव्हाच्या करारात मूळ रहिवाशांचा उल्लेखही नव्हता; पश्चिम किनाऱ्यावरच्या मिगमॉंना सरकारी मान्यता मिळायला २०११ साल उजाडले.

२०१८ मध्ये हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कॉशिया आर्ट गॅलरीत बेनेट यांनी संग्रहालयांतल्या जुन्या काटेकामाच्या वस्तू मांडल्या आणि त्यांच्यावरची नक्षी भिंतभर रंगवली. प्रदर्शनाच्या मिगमॉ शीर्षकाचा अर्थ होता, ‘त्यांना घरी जायचे आहे.’ काचेमागच्या झाकणावर जो कोन बोटभर असतो, तोच इथे माणसाच्या उंचीपेक्षा मोठा होतो. कडा धारदार, रंग सपाट, आणि गुलाबीशेजारी निळा असा बेधडक ठेवलेला की, जुनी पेटी नवी असताना कशी दिसत असेल याचा अंदाज यावा. ही नक्कल म्हणता येणार नाही. जुन्या कारागिरांची मांडणी नीट वाचून तिच्यात पुढची ओळ लिहिण्याचे हे काम आहे.

त्याच वर्षी कॅनडातील समकालीन कलेसाठीच्या सोबी कला पुरस्काराच्या अंतिम यादीत त्यांचे नाव आले. जुन्या वस्तू आजही मोठ्या प्रमाणावर संग्रहालयांच्याच ताब्यात आहेत, आणि त्या कुठे राहाव्यात हे ठरवताना पहिला शब्द मिगमॉ समाजाचा असायला हवा.