वणव्यातून उठणारा अक्रोड घरांपुढे हरतोय

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर दोन अक्रोड आहेत, नीट बघा. डावीकडचा आपल्या ओळखीचा, वाण्याकडे मिळतो तो. उजवीकडचा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, काळपट, बराचसा गुळगुळीत. कवच असं जाड की अडकित्त्यालाही दाद देणार नाही, आणि फोडलंच तर गर चिमूटभर.

हा दक्षिण कॅलिफोर्नियाचा रानटी काळा अक्रोड, जुग्लान्स कॅलिफोर्निका. सांता मोनिकाचे डोंगर, प्युएंटे हिल्स, चिनो हिल्स, म्हणजे लॉस एंजेलिसच्या अगदी उशाशी असलेल्या टेकड्या, हे त्याचं घर. तिथले मूळचे चुमाश आणि टोंग्वा लोक हे अक्रोड खायचे. एवढंच नाही, अर्ध्या कवचात डांबर भरून, त्यावर शिंपल्याचे तुकडे बसवून फासे बनवायचे! मला हे फार आवडतं.

झाड भारी चिवट आहे. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी बुंध्यातून नवे धुमारे येतात, म्हणून एकेका झाडाला चार-चार खोडं दिसतात. मग घोडं अडलं कुठे? जागेवर. त्याला ओल धरणारा, खोल चिकणमातीचा, शक्यतो उत्तरेकडचा उतार लागतो. शहर पसरलं ते याच टेकड्यांवर. उतार कापले, घरं आली, रस्ते आले, आणि सलग रान होतं तिथे तुकडे उरले. त्यात सालीखाली शिरणारा बारीक भुंगेरा आणि त्याच्यासोबत येणारी बुरशी.

लॉस एंजेलिस शहराने २००६ साली या झाडाला संरक्षण दिलं. साधारण छातीइतक्या उंचीवर सगळ्या खोडांची जाडी मिळून ४ इंच भरली, तर परवानगीशिवाय तोडायचं नाही. नियम चांगलाच आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. ४ इंचांखालचं रोप त्यात बसत नाही. खारीने पुरलेलं बी बसत नाही. उतारच सपाट केला तर पुढचं झाड रुजणार कुठे? आणि शहराची हद्द संपली की नियमही संपला. चिनो हिल्स त्या हद्दीबाहेर आहे.

म्हणून त्या भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती. अंगणाच्या कडेला बऱ्याच खोडांचं, एकाच देठावर दहा-पंधरा लांबट पानं असलेलं झाड असेल, तर तोडण्याआधी जाणकाराला दाखवा. उन्हाळ्याच्या शेवटी पानं पिवळी पडून गळली म्हणून ते वाळलं असं समजू नका. पाणी वाचवायची त्याची ती रीतच आहे.