ग्रेसच्या नावाचं प्रवेशद्वार आणि मंकडच्या नावाची शिवी

श्रोतेहो, नमस्कार.

आज जरा भांडायच्या तयारीनंच आलेय. विषय क्रिकेटचा, त्यातही धावबादचा, आणि त्यातही अशा धावबादचा, ज्यावरून एरवी गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या घरात दोन तट पडतात. गोलंदाज धावत येतो, पण चेंडू टाकत नाही. नॉन-स्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला दुसरा फलंदाज, आपली क्रीजची रेषा सोडून पुढे निघालेला असतो. गोलंदाज त्याच्या मागच्या बेल्स उडवतो, अपील करतो, आणि पंच बोट वर करतात. मग समालोचकाचा आवाज एकदम गंभीर होतो. ‘नियमात बसतं हो, पण खेळभावनेचं काय?’

मला आज एवढंच विचारायचंय, की ही खेळभावना नेमकी कुणाकडून वसूल केली जाते, आणि कुणाला माफ असते?

भारताचे अष्टपैलू विनू मंकड मूळचे जामनगरचे, पण मुंबईकडून खेळले. वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. एकोणीस वर्षांखालच्या मुलांची देशातली एकदिवसीय स्पर्धा त्यांच्याच नावाच्या करंडकासाठी होते. १९५२ साली लॉर्ड्सच्या कसोटीत या माणसानं ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि त्याच सामन्यात ९७ षटकं टाकली. सत्त्याण्णव! आजच्या एखाद्या गोलंदाजाला सांगून बघा. १९५६ मध्ये मद्रासला पंकज रॉयबरोबर त्यांनी ४१३ धावांची सलामी दिली. तो विक्रम मोडायला २००८ साल उजाडलं. कसोटीत हजार धावा आणि शंभर बळी त्यांनी तेविसाव्याच सामन्यात पुरे केले होते. पुढे इंग्लंडचा इयान बोथम आला तेव्हा कुठे तो विक्रम मागे पडला.

आणि जगभर त्यांचं नाव निघतं ते कशासाठी? तर १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं म्हणून. त्याआधी महिनाभर त्याच दौऱ्यात, त्याच शहरात, त्याच ब्राऊनला मंकडनी आधी ताकीद दिली होती आणि मग बाद केलं होतं. ब्राऊनला समजायला वाव होता. तिकडच्या वर्तमानपत्रांनी मात्र ओरड केली, आणि बाद करण्याच्या त्या प्रकाराला ‘मंकडिंग’ असं मंकडचंच नाव चिकटलं. त्यांची बाजू कुणी घेतली, ठाऊक आहे? समोरच्या संघाच्या कर्णधारानं, खुद्द डॉन ब्रॅडमननं. त्याचं म्हणणं सरळ होतं: नॉन-स्ट्रायकरनं चेंडू सुटेपर्यंत जागा सोडायची नाही असा नियम आहे, सोडली तर तोच गैरफायदा घेतोय, मग मंकडला दोष कसला? पण ब्रॅडमनच्या शतकांइतकं हे वाक्य कुणी लक्षात ठेवलं नाही.

आता पासष्ट वर्षं मागे चला. १८८२, लंडनचं ओव्हल मैदान. ऑस्ट्रेलियाच्या सॅमी जोन्सनं धाव पूर्ण केली, चेंडू आता मेला असं समजून तो खेळपट्टीवरचा उंचवटा बॅटनं थोपटायला क्रीजबाहेर आला. इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसच्या हातात चेंडू होता. त्यानं शांतपणे यष्टी मोडली आणि अपील केलं. जोन्स बाद. ऑस्ट्रेलियाचा फ्रेड स्पॉफर्थ इतका भडकला, की इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या असताना त्यानं ४४ धावांत ७ बळी घेतले. इंग्लंडचा डाव ७७ वर आटोपला. त्या पराभवावरून एका इंग्रजी वर्तमानपत्रात इंग्लिश क्रिकेटचा थट्टेचा मृत्युलेख छापून आला, आणि त्यातूनच या दोन देशांमधल्या कसोटी मालिकेचं अ‍ॅशेस हे नाव जन्माला आलं. म्हणजे क्रिकेटमधल्या सगळ्यात मानाच्या वैराचं मूळ एका ‘अखिलाडू’ धावबादात आहे.

बरं, म्हणून कुणी धावबादाला ‘ग्रेसिंग’ म्हणतं का? लॉर्ड्सच्या मुख्य प्रवेशद्वाराला ग्रेसचं नाव आहे आणि त्यावर त्याला ‘थोर क्रिकेटपटू’ म्हटलंय. तो थोर होताच, माझं काही म्हणणं नाही. पण हौशी खेळाडू म्हणवून घेत व्यावसायिकांपेक्षा जास्त पैसे कमावणारा, समोरच्याला मिळेल तिथे कोंडीत पकडणारा हा गृहस्थ वसाहतीतून आलेला असता, तर दाराऐवजी त्याच्या वाट्याला काय आलं असतं, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. सुनील गावसकरांनी तर जाहीरच म्हटलंय, की नाव द्यायचंच असेल तर ते चूक करणाऱ्या ब्राऊनचं द्या. मला हे शंभर टक्के पटतं.

आता भावना बाजूला ठेवू आणि मोजमापाकडे येऊ. एका क्रीजपासून समोरच्या क्रीजपर्यंत अंतर आहे अठ्ठावन्न फूट. नॉन-स्ट्रायकर चेंडू सुटायच्या आत पाच फूट पुढे गेला, तर धावेचा जवळपास बारावा हिस्सा त्यानं फुकटात खिशात घातला. शेवटच्या षटकातले धावबाद किती इंचांनी ठरतात हे तुम्ही आम्ही रोज बघतो. आणि त्याच टोकाला गोलंदाजाची काय अवस्था? त्याच्या पुढच्या पायाची टाच रेषेच्या मागे जराही राहिली नाही, तर नो-बॉल. वर एकदिवसीय आणि टी-ट्वेंटीत फ्री हिट. मोठ्या सामन्यांत तर आता तिसरा पंच कॅमेऱ्यात त्याचा पाय तपासत बसलेला असतो. फलंदाजानं पाच फूट चोरले तरी तो चपळ, गोलंदाजाचं बोटभर चुकलं की तो बेशिस्त. एकाच रेषेला दोन न्याय!

रेडिओवर धावतं वर्णन ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीनं तर नॉन-स्ट्रायकर कधी ‘पाहिला’च नाही. गोलंदाजाची धाव ऐकू यायची, क्षेत्ररचना कळायची, फलंदाजाचा पवित्रा कळायचा. पण नॉन-स्ट्रायकर किती पुढे सरकलाय, हे सांगताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. मैदानावरही तेच. पंचाची नजर गोलंदाजाच्या पायावर, प्रेक्षकांची फलंदाजावर. मधल्या मध्ये या भल्या माणसाचं चांगलंच फावतं.

शिवाजी पार्कवर शाळकरी मुलांचा एक सामना बघत उभी होते. बारा-तेरा वर्षांच्या एका फिरकी गोलंदाजानं असाच एकाला धावबाद केलं. पंचांनी बाद दिलं. तेवढ्यात त्या मुलाचेच प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडले, ‘ए, अपील मागे घे! असं शिकवलंय का मी?’ पोराचे कान लाल झाले. त्यानं अपील मागे घेतलं आणि पुढच्याच चेंडूवर तो नॉन-स्ट्रायकर पुन्हा तेवढाच पुढे. त्याला कुणी काही बोललं नाही. मुंबईचं क्रिकेट खडूस म्हणून ओळखलं जातं, त्या मुंबईत हे! त्या पोरानं त्या दिवशी काय शिकायचं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

२४ सप्टेंबर २०२२. लॉर्ड्स. भारताची वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना. इंग्लंडच्या महिला संघाची शेवटची जोडी खेळत होती, चार्ली डीन ४७ वर. भारताच्या दीप्ती शर्मानं तिला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं आणि भारतानं १६ धावांनी सामना, ३-० नं मालिका जिंकली. मग सुरू झालं रामायण. आम्ही ताकीद दिली होती, असं दीप्ती म्हणाली. नव्हती दिली, असं इंग्लंडची हीदर नाईट म्हणाली. माझं मत विचाराल तर तो वादच फिजूल. ताकीद द्यायची अट नियमात नाहीच. सिग्नल तोडणाऱ्याला हवालदारानं आधी चिठ्ठी पाठवायची असते का? गंमत म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या, लॉर्ड्सवरच्या एमसीसी या क्लबनं त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केलं होतं, की हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात घालतोय. १ ऑक्टोबरपासून ते लागूही झालं. म्हणजे ज्यांच्या घरात नियम बनतो तेच म्हणाले, की हा नेहमीचा धावबाद आहे. पुढच्याच उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक अ‍ॅलेक्स कॅरीनं इंग्लंडच्या जॉनी बेअरस्टोला क्रीजबाहेर भटकताना यष्टिचित केलं, तेव्हा त्याच एमसीसीच्या सदस्यांनी लॉर्ड्सच्या लाँग रूम या दालनात ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना शिवीगाळ केली, आणि काहींना निलंबित करायची वेळ आली. खेळभावनेच्या राखणदारांची ही भावना.

थांबा, लगेच मला टाळ्या देऊ नका. नियमात बसतं ते सगळं योग्य, असं मी म्हणत नाही. १ फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलनं धाकटा भाऊ ट्रेव्हरला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितला. ब्रायन मॅकेक्नीनं चेंडू अडवला आणि वैतागून बॅट फेकली. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं. तरीही ते लाजिरवाणं होतं, कारण तिथे फलंदाजानं कसलाही गैरफायदा घेतलेला नव्हता. त्याची खेळण्याची संधीच काढून घेतली गेली. मंकड आणि दीप्ती यांनी समोरच्याची चोरी थांबवली. चॅपेलनं नियमातली फट शोधून खेळच बंद पाडला. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. सरपटी चेंडूवर पुढे बंदी आली, ते बरंच झालं.

मोठेपणाचं म्हणाल, तर ते वेगळंच प्रकरण आहे. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंड ५ बाद ५८ असताना बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर एकत्र आले. थोड्या वेळानं कपिल देवच्या चेंडूवर टेलरला झेलबाद दिलं गेलं. स्लिपमध्ये उभे होते कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ. गावसकरांचे मेहुणे, म्हणजे मुंबईचे जावईच म्हणा ना. बॅटला चेंडू लागलाच नाही, हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी टेलरला परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीनं १७१ धावा जोडल्या, बोथमनं शतक ठोकलं आणि सामन्यात १३ बळी घेतले, आणि भारत दहा गडी राखून हरला. विशी, म्हणजे आपला विश्वनाथ, कर्णधार म्हणून दोनच कसोटी खेळला, त्यातली ही दुसरी आणि शेवटची.

विशीला मी हात जोडते. पण एक बघा: टेलर निर्दोष होता. त्याच्यावर अन्याय झाला होता आणि विशीनं तो स्वतःच्या खर्चानं दूर केला. नॉन-स्ट्रायकरला परत बोलावणं म्हणजे ते नव्हे. तो काही चुकून बाद झालेला नसतो. विशीनं जे दिलं ते त्याच्या मर्जीनं दिलं. तेच जबरदस्तीनं दीप्तीकडून मागायचं, नाही दिलं तर तिला नावं ठेवायची, ही कसली खिलाडूवृत्ती? ही तर खंडणी झाली.

२०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल बोलायला घेतलं तर रात्र पुरणार नाही. दोन्ही संघांच्या २४१ धावा, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, आणि विजेता ठरला चौकार-षटकार मोजून, २६ विरुद्ध १७. न्यूझीलंडनं हूं की चूं केलं नाही. त्यांना त्या वर्षीचा खेळभावनेचा पुरस्कार मिळाला. विश्वचषक इंग्लंडला. आणि तीन महिन्यांत तो नियमच बदलला गेला.

म्हणूनच माझं म्हणणं, गोलंदाजाच्या सभ्यतेची रोज परीक्षा घेणं थांबवा. तिसरा पंच गोलंदाजाची टाच बघतोच आहे. त्याच कॅमेऱ्यात नॉन-स्ट्रायकरची बॅटही दिसते. चेंडू सुटायच्या आत ती रेषेपुढे असेल, तर त्या चेंडूवरची एक धाव कापा. गोलंदाजानं अपील करायला नको, कर्णधारानं दिलदार व्हायला नको, समालोचकानं घसा खाकरायला नको. दोन मालिकांत सगळे फलंदाज शहाण्यासारखे क्रीजमध्ये बॅट टेकवून उभे राहतील. फलंदाजांची लॉबी हे होऊ देईल का, ते मात्र तुम्हीच सांगा. नमस्कार.