सांबऱ्याहून राजाजीनगर: शेवटच्या पस्तीस किलोमीटरचं भाडं

(दृश्य: बेळगावचा सांबरा विमानतळ, सकाळ. टर्मिनलसमोर रिक्षातून पिशव्या उतरतायत.)

बेळगावात कुणी विमानानं जाणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिकीट कितीला मिळालं? स्वस्त मिळालं असेल तर तो आकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक होतो. पण बंगळूरला उतरल्यावर लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत आणखी किती गेले, हे कुणी विचारत नाही. ज्याचे जातात तोही सांगत नाही.

या व्हिडिओत मी तेवढाच हिशेब मांडणार आहे.

सांबऱ्याची धावपट्टी 1942 सालची, दुसऱ्या महायुद्धातली. नवीन टर्मिनल 2017 मध्ये झालं. शहरापासून जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. सांबऱ्याला जाणाऱ्या साध्या बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत. कर्नाटकाची शक्ती योजना जून 2023 पासून चालू आहे, आणि त्यासाठी आधार कार्डावर कर्नाटकाचा पत्ता लागतो. घरी कुठलीही भाषा बोला, पत्ता इथलाच आहे. खानापूरचा माणूस आधी बेळगावला येतो आणि मग पुढे. निपाणीकराला मात्र सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ, त्यामुळे त्यानं गाडी ठरवण्याआधी दोन्हीकडची विमानं बघावीत.

(दृश्य: तांदळाची पिशवी, कुंद्याचा डबा, डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा.)

माझी बहीण बंगळूरला राजाजीनगरात राहते. तिच्या बाळंतपणाला मी आईला घेऊन गेलो होतो. आईचे गुडघे दुखतात, बसमध्ये रात्रभर पाय खाली सोडून बसणं तिला जमत नाही, म्हणून विमान. सामान म्हणाल तर हे समोर दिसतंय तेवढं. तांदूळ बंगळूरला मिळत नाहीत का, असं मी एकदाच विचारलं. परत विचारलं नाही.

(दृश्य: केंपेगौडा विमानतळ, बाहेर येणारी गर्दी.)

बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला. 2008 मध्ये सुरू झाला. तिथून मॅजेस्टिक, म्हणजे मधला मोठा बसस्टँड, साधारण पस्तीस किलोमीटर. आपल्याकडे बेळगावहून खानापूरला जाऊन थोडं पुढे गेल्यासारखं.

बाहेर आलात की टॅक्सी पहिली दिसते. टॅक्सीचं भाडं राज्य सरकारनं 2024 मध्ये ठरवून दिलंय. दहा लाखांपर्यंत किमतीच्या गाडीला पहिल्या चार किलोमीटरला 100 रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला 24. पस्तीस किलोमीटर धरा. चार गेले, उरले एकतीस. एकतीस गुणिले चोवीस, 744. त्यात शंभर मिळवले की 844. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे 886. वाटेतला टोल वेगळा. रात्री बारा ते सकाळी सहा दहा टक्के जास्त, मग तोच आकडा पावणेदहाशेवर जातो. गाडी जास्त किमतीची आली तर किलोमीटरचा दर 28, नाहीतर 32 रुपये.

हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, असं मी मनापासून सांगतो. गर्दीच्या वेळी मोबाइलवर दिसणारं भाडं याच्या बरंच वर गेलेलं मी पाहिलंय. आणि दारातच कुणी हात धरून "या या, आमच्या गाडीत बसा" म्हणत असेल, तर बसायच्या आधी भाडं तोंडी ठरवा. मी पहिल्या खेपेला ठरवलं नव्हतं. उतरताना जे मागितलं ते मुकाट्यानं दिलं, आणि आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

(दृश्य: वायुवज्र बस. आत सामानाची जागा.)

दुसरी सोय बीएमटीसीची, म्हणजे बंगळूरच्या शहर बससेवेची, वायुवज्र. एसी बस, सामानाला वेगळी जागा, रात्रीही मिळते. नऊ नंबरची मॅजेस्टिकला जाते, आठ नंबरची इलेक्ट्रॉनिक सिटीकडे. मॅजेस्टिकपर्यंत माणशी अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान. बायकांची मोफत सोय या बसला लागू नाही. आपल्या बऱ्याच मावश्या, काकू इथेच अडतात. हातात आधार कार्ड धरून चढतात, आणि कंडक्टर पैसे मागतो.

आता माणसं मोजा. एकटा असाल तर बसच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दोघं असलात तर पाचशे-सहाशे, तरीही बसच स्वस्त. तिघांना बस साडेसातशे ते नऊशेला पडते, म्हणजे टॅक्सीच्या जवळ आली. चौघं असलात तर टॅक्सी स्वस्त, आणि दारात सोडते. बसनं गेलात तर मॅजेस्टिकहून पुढे रिक्षा किंवा मेट्रो असते, तो खर्चही याच हिशेबात धरायचा. बहुतेक लोक तो विसरतात.

रेल्वेही आहे, हे फार थोड्यांना माहीत. विमानतळाजवळ एक छोटं हॉल्ट स्टेशन 2021 मध्ये झालं. तिकीट काही दहा-वीस रुपयांचंच. पण गाड्या मोजक्या, आणि टर्मिनलपासून स्टेशन तीन-चार किलोमीटर लांब. वेळ जुळली तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. मेट्रोच्या निळ्या मार्गाचं काम चाललंय, खांब रस्त्यावरून दिसतात.

(दृश्य: बेळगाव रेल्वे स्टेशन, पहाट. वंदे भारत फलाटावर.)

हा हिशेब मांडताना एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून बंगळूरला वंदे भारत आहे, साधारण साडेआठ तासांची. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस तर कितीतरी वर्षं आहे. रेल्वेचं बंगळूर स्टेशन मॅजेस्टिकच्या अगदी समोर. विमानाच्या तिकिटाशी आपण रेल्वेचं तिकीट ताडून पाहतो, पण रेल्वेनं गेलं की देवनहळ्ळीचे हे पस्तीस किलोमीटर मधे येतच नाहीत. दोघांचे पाचशे वाचतात, चौघांचे हजार. ज्याचे गुडघे धड आहेत, त्यानं विमानाचं तिकीट काढण्याआधी ही रक्कम त्यात मिळवून बघावी.

(दृश्य: मॅजेस्टिक, संध्याकाळ.)

आम्ही दोघं वायुवज्रनं आलो. मॅजेस्टिकला उतरलो तेव्हा मी रिक्षा बघायला लागलो. आईनं तांदळाची पिशवी माझ्या खांद्यावर दिली आणि राजाजीनगरची साधी बस कुठं लागते ते एका बाईला कन्नडमध्ये विचारलं. बसमध्ये चढल्यावर तिनं पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं. कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं.

तिनं ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, घडी घातली, आणि कार्डासोबत परत गाठीत बांधलं.

"तुझं काढ की," मला म्हणाली.