औषधांची पिशवी घेऊन ठाण्यात

नमस्कार श्रोतेहो. रात्री दहाला फोन येतो, "तुमच्या मुलाला पोलीस ठाण्यात आणलंय." घरात एखादे काका म्हणतातच, "बसू दे एक रात्र आत, डोकं ठिकाणावर येईल." पण मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, असेल तर डोकं असं ठिकाणावर येत नाही. गोळी चुकते, झोप उडते, भोवती आरडाओरडा. आजार उलट उसळतो.

म्हणून निघताना औषधांची पिशवी उचला. सुट्या गोळ्या ठाण्यात कुणी देऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे; पाकिटासकट गोळ्या, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी आणि जुनी फाईल घ्या. साध्या कागदावर अर्ज लिहा: आजार कोणता, डॉक्टर कोण, कोणती गोळी किती वाजता, शेवटची कधी घेतली. पूर्वी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न झाला असेल तर तेही लिहा, इथे लाज नको. एक प्रत ठाणे अंमलदाराला द्या, दुसरीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की विरून जातं.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. अर्जाची एक प्रत त्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं; तिथे वकिलामार्फत कोठडीतल्या उपचारांची मागणी करा. वकील परवडत नाही? कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

गुन्हा काहीच नाही, आजारात नुसता भटकताना सापडला, तर गोष्टच वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 100: अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. कलमाचा आकडा शांतपणे सांगा. हुज्जत घालून काम बिघडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुमचाही धीर सुटेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरच्यांसाठीही आहे, मराठीत बोलता येतं.

आणि भेट मिळालीच, तर "का केलंस रे असं?" हे तिथे विचारू नका. ऐकणारे बरेच असतात, ते वकिलासाठी राहू द्या. जेवलास का, गोळी मिळाली का, मी बाहेर बाकावर आहे. एवढंच बोला.