ल्युतोवची डायरी

नमस्कार, श्रोतेहो. १९१९ साली लेनिनची काही भाषणं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरवली गेली. त्यातलं एक ज्यूंवरच्या हल्ल्यांबद्दल होतं. हा द्वेष झारशाहीने, जमीनदारांनी, भांडवलदारांनी पेटवला, असं त्यात ठणकावून सांगितलंय. ठीक. पण तोच द्वेष आपल्या लाल शिपायाच्या तोंडून बाहेर पडला तर? तबकडीवर त्याचं उत्तर नाही.

१९२० च्या उन्हाळ्यात ओडेसाचा ज्यू लेखक इसाक बाबेल लाल सैन्याचा सेनापती बुद्योन्नी याच्या घोडदळाबरोबर पोलंडविरुद्धच्या आघाडीवर गेला. नाव धारण केलं किरिल ल्युतोव, अगदी अस्सल रशियन. घोडदळाच्या वर्तमानपत्रात तो प्रचाराचे लेख लिहायचा आणि स्वतःपुरती डायरी.

जुलैमध्ये देमिदोव्का गावात तो आणि एक कोसॅक, म्हणजे रशियातल्या लढवय्या घोडेस्वार समाजातला, सोबती एका ज्यू घरात उतरले. दिवस शनिवारचा. कोकणातले आपले बेने इस्रायल ज्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जात, तोच हा पवित्र वार. शिवाय जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक आणि उपास तोंडावर आलेला. सोबत्याने घरच्यांना दमदाटी करून बटाटे खणायला आणि शिजवायला लावले. बाबेलला त्या दिवसाचा अर्थ कळत होता. तरी तो गप्प राहिला, जेवला आणि वर यजमानांना मॉस्कोतल्या मोफत अन्नाच्या, विद्यापीठांच्या सुरस कथा सांगत बसला. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय. स्वतःला इतकं उघडं पाडणारा प्रचारक मला तरी दुसरा माहीत नाही.

ऑगस्टअखेर कोमारूव या गावात पोलिश बाजूच्या कोसॅकांनी ज्यूंची कत्तल केली. बाबेलच्या छापील लेखात संताप आहे, पण फक्त शत्रूवर. डायरीत मात्र तो म्हणतो की द्वेष तोच, कोसॅक तेच, क्रौर्यही तेच; सैन्यं वेगळी म्हणणं हा मूर्खपणा! त्याच वर्षी, माघार घेताना, बुद्योन्नीच्याच काही तुकड्यांनी ज्यू वस्त्या लुटल्या, माणसं मारली.

पुढे या अनुभवांतून ‘लाल घोडदळ’ हा कथासंग्रह झाला. त्यातल्या कथा मासिकांतून येऊ लागल्या तेव्हाच, १९२४ मध्ये, बुद्योन्नी छापील लेखातून बाबेलवर तुटून पडला. आपल्या फौजेची बदनामी केली म्हणून. पुढे नामवंत रशियन लेखक गॉर्कीने बाबेलची बाजू घेतली. १९३९ मध्ये अटक झाली तेव्हा गॉर्कीही हयात नव्हता. २७ जानेवारी १९४० ला बाबेलला गोळी घातली.

डायरी कीवमध्ये ओळखीच्यांकडे राहिली होती, म्हणून वाचली. अटकेच्या वेळी जप्त केलेली हस्तलिखितं आजवर सापडलेली नाहीत.