टक्के नव्हे, अहवाल वाचा

संशोधन-नियतकालिकाच्या संपादकाकडे हल्ली शोधनिबंधाच्या पाठोपाठ साम्य-अहवाल येतो, म्हणजे निबंधातला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो याचा सॉफ्टवेअरने केलेला हिशेब. त्याच्या कोपऱ्यात टक्क्यांचा एक आकडा असतो आणि आपली नजर आधी तिथेच जाते. माझीही जायची. पंधराच्या आत असेल तर पुढे, वर असेल तर साभार परत. दोन निबंधांनी माझी ती सवय मोडली.

पहिल्यावर 34 टक्के होते. उघडून बघतो तर निम्मं साम्य संदर्भसूचीचं, उरलेलं बहुतेक कार्यपद्धतीतल्या ठरलेल्या वाक्यांचं. 'नमुने उणे 80 अंश सेल्सियसला साठवले' हे माणूस किती तऱ्हांनी लिहिणार? दुसऱ्यावर फक्त 8. पण ते आठही टक्के एका जागी होते, चर्चेच्या भागात सलग दोन परिच्छेद, आणि सुरुवात 'आमच्या मते' अशी. ते मत दुसऱ्याच कुणाचं होतं.

आयथेंटिकेटसारखं सॉफ्टवेअर शब्दांशी शब्द जुळवतं. चोरी ठरवायचं काम त्याचं नाही, ते तुमचं-माझं. दुसऱ्या भाषेतून उचललेला मजकूर त्याच्या हातून सहज निसटतो. कल्पना उचलली असेल तर विचारूच नका. आणि आकडा खाली आणायला लोक काय काय करतात! 2021 मध्ये संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे निबंध शोधून काढले, ज्यांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस' झालं होतं, म्हणजे जवळपास 'बनावट जाणीव'! शब्द बदलून देणाऱ्या यंत्राची ही करामत. साम्य घटलं असेल, पण अर्थही गेला. असा निबंध छापण्याआधी तो तपासणाऱ्या परीक्षकांच्या हातून सुटतो, तेव्हा मला लेखकापेक्षा त्या परीक्षकांचा जास्त राग येतो. वाचलंच नाही ना कुणी?

परीक्षकांवरून आठवलं. 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाने 2016 मध्ये एक जाहीर पत्र छापलं. ज्याचा निबंध परीक्षणानंतर नाकारला गेला, त्या संशोधकाने ते परीक्षकाला उद्देशून लिहिलं होतं. परीक्षकाने तोच निबंध स्वतःच्या नावाने दुसरीकडे छापून आणला होता. ज्याच्यावर विश्वासाने हस्तलिखित सोपवलं, तोच उचल्या निघाला.

मग संशय आला की करायचं काय? 1997 पासून काम करणाऱ्या 'कोप' या संपादकांच्या समितीने यासाठी पायऱ्या आखून दिल्या आहेत. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लावायचे, लेखकाला पुराव्यासह पत्र लिहायचं, खुलासा मागायचा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर त्याच्या संस्थेला कळवायचं. बरेच संपादक इथे कच खातात. निबंध गुपचूप परत करतात आणि तो महिन्याभरात दुसऱ्या नियतकालिकाच्या दारात उभा राहतो.

पत्राची भाषा मात्र सांभाळा. 'चोरी' हा शब्द पहिल्या पत्रात नको. मी त्या 8 टक्केवाल्याला एवढंच लिहिलं, 'सोबतचे दोन परिच्छेद पाहावेत आणि साम्याचं कारण कळवावं.' चार दिवसांनी उत्तर आलं, पण त्याचं नव्हे, सहलेखिकेचं. निबंधावर आपलं नाव आहे, हे तिला माझ्या पत्रातूनच कळलं होतं.